गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी किती मिनिटं? ब्लूटूथच्या दोन डब्यांनी प्रवासवेळ मोजण्याची माझी पद्धत

वीस वर्षं मी बडोद्यात ट्रॅफिक सर्व्हेची कामं घेते आहे. सुरुवातीला प्रवासवेळ मोजायची म्हणजे नंबरप्लेट सर्व्हे. रस्त्याच्या या टोकाला दोन पोरं, त्या टोकाला दोन पोरं, हातात पॅड, मनगटावर एकमेकांशी मिळवलेली घड्याळं. गाडी गेली की नंबरातले शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची. रात्री दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर दोन्हीकडचे कागद पसरून मी जोड्या लावत बसायचे. तीनाचा आठ झालेला, सातचा एक झालेला, आणि चहाला गेलेल्या पोराने मागाहून अंदाजाने भरलेली वीस मिनिटं. ती वीस मिनिटं लगेच ओळखू यायची. त्यातल्या सगळ्या गाड्या अगदी शहाण्यासारख्या सारख्याच वेगाने गेलेल्या असायच्या.

ब्लूटूथची पद्धत म्हणजे हाच नंबरप्लेट सर्व्हे, फक्त पाटी डोळ्यांनी वाचायची नाही. गाडीतल्या हँड्सफ्रीला, म्युझिक सिस्टिमला, फोनला स्वतःचा ४८ बिटांचा पत्ता असतो. तो बारा अंक-अक्षरांत लिहितात. त्यातली पहिली सहा बनवणाऱ्या कंपनीची, उरलेली सहा त्या एका उपकरणाची. एका डब्याने तो पत्ता ९ वाजून १२ मिनिटांनी ऐकला, दुसऱ्याने ९ वाजून २३ मिनिटांनी, तर गाडीला ११ मिनिटं लागली. अमेरिकेत पर्ड्यू आणि मेरीलँड विद्यापीठांतल्या लोकांनी २००८ च्या आसपास ही पद्धत रस्त्यावर आणली. माझ्याकडे ती आली माझ्या भाच्यामुळे. तो कलाभवनात इंजिनिअरिंग शिकत होता आणि माझे कागद बघून म्हणाला, "मावशी, हे जोड्या लावायचं काम तू अजून हाताने करतेस?"

"गुगल मॅप आहे की," असं मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी ऐकवतं. आहे ना, आणि घरून निघताना मीही तोच बघते. पण सिग्नलची वेळ बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर काय फरक पडला हे सांगायचं असेल, तर आकडा किती गाड्यांवरून आला, त्यातल्या कोणत्या वगळल्या आणि का, हे दाखवावं लागतं. त्यासाठी मूळ नोंदी आपल्या हातात हव्यात. फास्टॅगनेही दोन टोलनाक्यांमधली वेळ कळू शकते, पण शहरातल्या चोकडीवर, म्हणजे चौकात, टोलनाका नसतो.

डब्यात काय घालायचं

एका रस्त्याला किमान दोन डबे. प्रत्येकात एक रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक (जुनं तिसऱ्या पिढीचं मॉडेल पुरे), बाहेर अँटेना असलेला क्लास १ चा, म्हणजे लांब पल्ल्याचा, यूएसबी ब्लूटूथ डोंगल, २०,००० एमएएचची पॉवरबँक, मेमरी कार्ड आणि घड्याळाचा छोटा मोड्यूल. पायच्या आतल्या ब्लूटूथवर भागवू नका, त्याचा अँटेना नखाएवढा असतो. तो बंद करून फक्त डोंगल चालू ठेवा.

पॉवरबँकेचा हिशेब घरीच करा. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास. व्होल्टेज वाढवताना थोडी वीज वाया जाते म्हणून ६३ धरा. पाय आणि डोंगल मिळून अडीच वॉट खात असतील तर साधारण २५ तास चालेल. बारा तासांच्या सर्व्हेला भरपूर. उलट फार कमी वीज घेणारा छोटा पाय लावला, तर काही पॉवरबँकांना वाटतं की फोन चार्ज झाला, आणि त्या स्वतःच बंद पडतात. बाजारातून आणलेली पॉवरबँक आधी घरी रात्रभर चालवून बघा.

डबा प्लास्टिकचा घ्या. मी पहिल्यांदा इलेक्ट्रिकच्या दुकानातून लोखंडी मीटर बॉक्स आणला होता. मजबूत, कुलूपवाला, पावसाचं भय नाही. सकाळी आठ ते रात्री आठ लावून ठेवला आणि संध्याकाळी उघडून बघते तर अकरा नोंदी, त्यातली एक माझ्याच फोनची. धातूच्या पेटीत रेडिओलहर शिरत नाही हे मी डिप्लोमाला शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. आता राखाडी प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स वापरते, अँटेना उभा आणि बाहेर. मे महिन्यात तो उन्हात ठेवू नका. बडोद्याचा मे आतल्या पॉवरबँकेला सोसत नाही.

घड्याळाबद्दल कंजूषपणा करू नका. पायच्या पाचव्या पिढीआधीच्या मॉडेलांना स्वतःचं घड्याळ नसतं. वीज गेली की इंटरनेट मिळेपर्यंत त्यांना वेळ कळत नाही, आणि खांबावर इंटरनेट कुठलं? डीएस३२३१ नावाचा घड्याळाचा मोड्यूल येतो. तो दिवसाला फार तर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा चुकतो. निघण्याआधी सगळे डबे एकाच टेबलावर ठेवून वेळ मिळवायची आणि परत आल्यावर पुन्हा एकमेकांशी ताडून बघायची. नंबरप्लेटच्या काळात मनगटावरच्या घड्याळांना हेच करायचो.

कुठे लावायचा

सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागतो, आणि नवीन लोक नेमका इथेच घाई करतात.

डबा "हजर कोण आहे?" अशी हाक मारतो. तिला इन्क्वायरी म्हणतात. ब्लूटूथ सतत वारंवारता बदलत असल्याने एक पूर्ण हाक १०.२४ सेकंदांची धरतात. आता समजा डब्याचा आवाका शंभर मीटर आहे. म्हणजे रस्त्याचा दोनशे मीटरचा तुकडा त्याच्या टापूत येतो. ताशी ३६ किमीने जाणारी गाडी तो २० सेकंदांत पार करते, तेवढ्यात जवळजवळ दोन हाका होतात. अहमदाबाद एक्सप्रेस-वेवर ताशी १०० किमीची गाडी सव्वासात सेकंदांत निघून जाते, हाक पुरी होण्याआधीच. म्हणून वेगवान रस्त्यावर बऱ्याच गाड्या निसटतात. शहरात गाडी सापडते, पण नेमकी कुठे सापडली ते कळत नाही. टापूत शिरतानाही असेल, बाहेर पडतानाही.

त्यामुळे दोन डब्यांमधलं अंतर पुरेसं हवं. मांडवी ते लहेरीपुरा दरवाजा मोजून द्या, असं मला एकदा सांगण्यात आलं. मी नाही म्हटलं. तो रस्ता पायी पाच-सात मिनिटांचा. दोन्ही डब्यांचे टापू मिळून बराचसा रस्ता खाऊन टाकतील. शिवाय तिथे रिक्षा आणि खिशात इयरबड घेऊन चालणारा माणूस एकाच वेगाने जातात. ब्लूटूथला चाकं दिसत नाहीत. एक किलोमीटरच्या आत मी हे काम घेत नाही.

सिग्नलच्या अगदी डोक्यावरही डबा लावू नका. शक्यतो दोन चोकड्यांच्या मध्ये, गाड्या वाहत्या असतील तिथे, रस्त्यापासून फार आत नाही आणि माणसाच्या डोक्याच्या वर. खांबापेक्षा मला दुकानाची गॅलरी आवडते. वीज मिळते, कोणीतरी लक्ष ठेवतं. खांबावर लावायचा असेल तर महापालिका आणि ट्रॅफिक पोलीस, दोघांची लेखी परवानगी घ्या, आणि डब्यावर गुजरातीत मोठ्या अक्षरांत लिहा: हे काय आहे, कोणाचं आहे, फोन नंबर काय. एकदा मी कागद चिकटवायला विसरले. तासाभरात पानाच्या टपरीवरून फोन आला (नंबर त्याच्याकडे होता म्हणून वाचले): "बेन, तमारो डब्बो जोवा पोलीस आवी छे." वायर बाहेर आलेला, दिवा लुकलुकणारा बेवारस डबा. पोलीस आले नसते तरच नवल.

डब्याला काय लिहायला सांगायचं

पाय लिनक्सवर चालतो, आणि लिनक्सवर ब्लूटूथ सांभाळणारा प्रोग्रॅमांचा संच म्हणजे ब्लूझेड. त्यातलं एचसीआयटूल आता बाद ठरवलंय, म्हणून भाच्याने पायथनमधून थेट इन्क्वायरीची आज्ञा देणारी पन्नासेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. काम एवढंच: पुन्हा पुन्हा हाक मारायची आणि उत्तर आलं की चार गोष्टी एका ओळीत लिहायच्या. वेळ, पत्ता, ब्लूटूथ सिग्नलची ताकद, उपकरणाचा वर्ग.

उपकरणाचं नाव विचारायचं नाही. "अमुकतमुकचा फोन" अशी नावं वाचायला गंमत वाटते, पण प्रत्येक नावासाठी वेगळा संवाद करावा लागतो, त्यात वेळ जातो, तेवढ्यात चार गाड्या निघून जातात. आणि कोणाचं नाव आपल्याला कशाला हवंय?

वर्ग मात्र उपयोगाचा. प्रत्येक उपकरण आपण फोन आहोत, हेडसेट आहोत, हँड्सफ्री आहोत की कारची ऑडिओ सिस्टिम आहोत ते उत्तरातच सांगतं. बरेच कारचे संच हाकेला उत्तर देतात. फोन आता सहसा गप्प असतात, ब्लूटूथची सेटिंग उघडी असेल तेवढ्यापुरते बोलतात. म्हणून पूर्वी फोनांवर चालणारी ही पद्धत आता बरीचशी कारच्या संचांवर उभी आहे. दुचाकी कमी सापडतात. बडोद्यासारख्या दुचाक्यांच्या शहरात हे लक्षात ठेवूनच निकाल वाचायचा.

"मग लो एनर्जीवालं, कमी वीज खाणारं नवं ब्लूटूथ ऐकूया, त्यावर फोन सतत ओरडत असतात," असं भाच्याचं म्हणणं होतं. ओरडतात खरे, पण खोट्या पत्त्याने. ओळख लपवण्यासाठी तो पत्ता साधारण दर १५ मिनिटांनी बदलतो. आम्ही पोहे खाता खाता कागदावर हिशेब मांडला. ५ मिनिटांत पोचणाऱ्या गाडीचा पत्ता वाटेत न बदलण्याची शक्यता तीनात दोन. १२ मिनिटं लागणाऱ्या गाडीची पाचात एक. म्हणजे रखडलेल्या गाड्या हिशेबातून आपोआप गळतात आणि रस्ता आहे त्यापेक्षा मोकळा दिसतो. जितकी कोंडी जास्त तितका निकाल गोड. असलं माप नसलेलं बरं. त्या दिवसापासून आम्ही फक्त जुनं, क्लासिक ब्लूटूथ ऐकतो.

आता पत्ता साठवण्याबद्दल. तो जसाच्या तसा कार्डावर लिहू नका. त्याचा हॅश करा, म्हणजे गणिताने त्याचा उलट न फिरवता येणारा संकेत बनवा, असं सगळे सांगतात, पण नुसता हॅश म्हणजे काचेचं कुलूप. कंपनीची पहिली सहा अक्षरं कोणालाही माहीत असतात. उरले २४ बिट, म्हणजे १,६७,७७,२१६ शक्यता. साधा लॅपटॉप त्या सगळ्यांचे हॅश चहा गाळेपर्यंत काढून मोकळा होतो. म्हणून हॅश करण्याआधी पत्त्यात एक लांबलचक गुप्त शब्द मिसळायचा, त्याला मीठ म्हणतात. दोन्ही डब्यांत तेच मीठ हवं, नाहीतर जोड्या जुळणार नाहीत. रोज सकाळी नवीन मीठ, आणि रात्री जोड्या लागल्या की ते कायमचं पुसायचं. मग कालची गाडी आणि आजची गाडी एकच होती का, हे मलाही कळत नाही. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण त्याआधीही हे करायला हवंच होतं. कोण रोज रात्री कुठून कुठे जातं हे माझ्या कपाटात पडून असावं, असं मला मुळीच वाटत नाही.

जोड्या लावताना

एकच गाडी एका डब्याला चार-पाच वेळा ऐकू येते. त्यातली कोणती वेळ धरायची? नियम एकच ठेवा, दोन्हीकडे तोच. पहिल्या डब्याची पहिली नोंद आणि दुसऱ्याची पहिली, किंवा दोन्हीकडची शेवटची. दुसऱ्या टोकाच्या सिग्नलवर थांबलेली वेळ मोजायची असेल तर शेवटची-शेवटची, म्हणजे निघाल्यापासून निघेपर्यंत. इथली शेवटची आणि तिथली पहिली अशी सरमिसळ कधीच करू नका. दोन्ही टापू ८० मीटरचे असतील तर एक किलोमीटरचा रस्ता गुपचूप ८४० मीटरचा होतो, आणि वेग मात्र तुम्ही एक किलोमीटर धरून काढता.

मग निवडणं. दिवसभर दिसणारा पत्ता हा दुकानातला स्पीकर, तो काढा. दोन्ही टोकांना एकमेकांच्या तीन सेकंदांच्या आत दिसणारे पाच पत्ते ही बहुधा एक सिटी बस, तिला एकच धरा. आणि जो माणूस वाटेत सेव-उसळ खायला थांबला, त्याची वेळ रस्त्याची नाही, उसळीची आहे.

समजा पंधरा मिनिटांच्या एका खान्यात सात जोड्या मिळाल्या: ९, १०, १०, ११, ११, १२ आणि ३४ मिनिटं. सरासरी काढली तर जवळजवळ १४ येते, आणि १४ मिनिटं तर कोणालाच लागली नाहीत. म्हणून मधली संख्या घ्या: ११. प्रत्येक आकडा ११ पासून किती दूर आहे ते लिहा, त्या अंतरांचीही मधली संख्या काढा. इथे ती १ येते. तिला १.४८२६ ने आणि मग ३ ने गुणा, साधारण साडेचार. ११ च्या दोन्ही बाजूंना साडेचार मिनिटांपलीकडचं वगळा. ३४ गेला, बाकी सगळे राहिले. पाचापेक्षा कमी जोड्या असलेल्या खान्यावर मी बोलत नाही, रिकामं सोडते. काही लोकांना अहवालातला रिकामा चौकोन खुपतो. खुपू दे.

पुलाची भानगड

गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी हा साडेतीन किलोमीटरचा पूल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. दोन टोकांना दोन डबे लावले आणि आकड्यांचा आलेख काढला तर त्याला उंटासारख्या दोन मदारी. एक मदार वरून सरळ गेलेल्यांची, दुसरी खालून, चकली सर्कल, मल्हार पॉइंट करत गेलेल्यांची. या दोन मदारींची मधली संख्या काढणं म्हणजे वर नाही, खाली नाही, हवेत तरंगणाऱ्या गाडीची वेळ सांगणं.

उपाय म्हणून तिसरा डबा खाली, चकली सर्कलजवळ लावला, एका दुकानाच्या ओट्यावर. अडचण अशी की पुलावरची गाडीही त्याला ऐकू येते. काँक्रीट सिग्नल अडवतं, पण सगळा नाही. मग सिग्नलच्या ताकदीचा उपयोग केला. तिसऱ्या डब्यावरचा अँटेना मुद्दाम छोटा घेतला आणि एका रविवारी सकाळी भाचा आपल्या कारमधून, संच हाकेला उत्तर देईल असा ठेवून, दहा वेळा वरून आणि दहा वेळा खालून फिरला. मी ओट्यावर बसून आकडे लिहीत होते. वरून जाताना ताकद किती पडते, खालून किती, हे कागदावर दिसल्यावर मधे रेघ मारली. रेघेपेक्षा जोरात ऐकू आला तो खालचा, अजिबात ऐकू आला नाही तो वरचा. मधले, संशयित, दोन्हीकडून वगळले. ही रेघ त्या जागेची, त्या डब्याची. दुसऱ्या पुलाला ती चालणार नाही, पुन्हा वीस फेऱ्या मारायच्या.

अशा स्वतःच्या फेऱ्या पूल नसलेल्या रस्त्यावरही मारा. कारमध्ये स्टॉपवॉच घेऊन कोणीतरी बसायचं आणि डब्याने दिलेली वेळ स्टॉपवॉचशी ताडायची. पाच फेऱ्यांत मोठी चूक उघडी पडते.

आणि एक, या डब्यांवरून गाड्यांची संख्या कधीच सांगू नका. किती गाड्यांत बोलका संच आहे हे रस्त्यागणिक, तासागणिक बदलतं. संख्या हवी असेल तर पॅड घेऊन एक पोरगं उभं करायचं. माझ्याकडची पोरं म्हणून अजून कामाला आहेत.

दिवस निवडताना कॅलेंडर बघा. नवरात्रीतली रात्र, उत्तरायणचा दिवस, गणपती विसर्जन, हे दिवस मोजायचेच असतील तर वेगळे मोजा, रोजच्या वाहतुकीत मिसळू नका. मी मंगळवार, बुधवार, गुरुवार घेते.

रात्री डबे उतरवताना आधी स्क्रिप्ट थांबवा, पाय नीट बंद करा, हिरवा दिवा विझू दे, मगच केबल काढा. घाईत सरळ केबल ओढली की कार्ड बिघडतं आणि बारा तासांचं काम जातं. भाच्याने आता डब्याच्या बुडाला बंद करायचं लाल बटण बसवलंय. त्यावर मी नेलपॉलिशने लिहिलंय, "आधी मी".